गवसदादांचं सरपण

धोंडू गवस एकविसाव्या मजल्यावर राहायला गेले तेव्हा साऱ्या लालबागने त्यांचं अभिनंदन केलं. ते मात्र सुतक असल्यासारखा चेहरा करून लिफ्टमधून वर गेले. दहा बाय बाराच्या खोलीच्या बदल्यात दोन खोल्या मिळाल्या, घरातल्या घरात संडास मिळाला, खिडकीतून समुद्राची बोटभर चीर दिसू लागली. पण तिसऱ्या संध्याकाळी दादांनी हॉलमध्ये धुपाटणं पेटवलं आणि छताला चिकटवलेलं यंत्र असं केकाटलं की खालून दोन वॉचमन लाल नळकांडी घेऊन वर धावले. त्यातल्या एकाने घाईघाईत नव्या सोफ्यावर पांढरी पावडर मारली.

"काका, घरात धूर करायचा नाय," दुसरा म्हणाला.

"मी पंचवीस वर्षं धूरच केला रे," दादा म्हणाले. "त्याचाच पगार घेत होतो."

हे खरं होतं. गवसदादा मिलच्या बॉयलरवर फायरमन होते. लोक मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे, आणि तो भोंगा ज्या वाफेवर वाजायचा ती वाफ आपली होती, तेव्हा लालबाग-परळमधला प्रत्येक माणूस आपल्यामुळे वेळेवर पोचायचा, असा त्यांचा साधा सरळ हिशोब होता. मिल बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं मिळेल ते केलं. लिफ्ट चालवली, एटीएमच्या बाहेर खुर्ची टाकून बसले, एका दवाखान्यात नंबर पुकारले. "सगळी थंड कामां," असं ते मालवणीत म्हणायचे, आणि हे म्हणताना तळहात एकमेकांवर चोळायचे. शांतावहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, फोडणीत मोहरी टाकता टाकता सांगायच्या, "बॉयलर इझान वीस वर्सां झाली, पण ह्येंच्या डोक्यातली वाफ काय कमी होयत नाय."

मी त्यांच्याच टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहतो. चाळीत आमच्या खोल्यांना एकच भिंत होती, त्यामुळे त्यांची थट्टा करायचा मला वडिलोपार्जित हक्क आहे, असं मी समजत असे.

मिलच्या आवारात आता काचेची ऑफिसं आणि कॉफीची दुकानं आहेत. तिथेच कापूस पिंजायच्या जुन्या कार्डिंग खात्याच्या शेडमध्ये हितेंद्रने आपलं हॉटेल काढलं. हितेंद्र पस्तिशीचा, सुबक दाढीचा, बँकेतली नोकरी सोडून मांस भाजायला आलेला मुलगा. पंधरा दिवस अमेरिकेत राहून त्याने तिथले लोक मांसाला धुरी देऊन कसं शिजवतात ते पाहिलं आणि परत आल्या आल्या राजीनामा दिला. हॉटेलच्या मागल्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, त्याने स्मोकर बसवला. म्हणजे आठ फूट लांबीचं आडवं झोपवलेलं लोखंडी पिंप. त्याच्या एका टोकाला खालच्या अंगाला ओतीव लोखंडाची पेटी जोडलेली, दुसऱ्या टोकाला धुराडं. आग पेटीत, मांस पिंपात. दोघांची गाठ पडत नाही. आगीची ऊब आणि धूर तेवढे पिंपातून, मांसावरून चालत जातात आणि धुराड्यातून बाहेर पडतात. पाच-सहा तासांनी बकऱ्याची अख्खी मांडी अशी होते की हाड ओढलं की मोकळं यावं.

गवसदादा रोज सकाळी पाय मोकळे करायला निघत आणि त्यांचे पाय रोज मिलच्या फाटकाशीच मोकळे होत. एके दिवशी जाळीतून त्यांना हे पिंप दिसलं. धुराड्यातून पांढरा, गच्च धूर येत होता. दादा दहा मिनिटं पाहत राहिले. मग त्यांना राहवेना.

"ओ, लाकूड रडतंय तुमचं," ते जाळीतून ओरडले.

आत राजस उभा होता. हा हितेंद्रचा शेफ, दादरचा, हॉटेलचं कॉलेज शिकलेला. "अंकल, हा स्मोक आहे. असाच असतो."

"असा नसतो. ओलं लाकूड घातलंस आणि वरून हवा कोंडलीस. त्याचा जीव घुसमटतोय."

अर्ध्या तासाने दादा आत होते. त्यांनी दोन ओंडके बाहेर फेकले, पेटीची हवेची झडप दोन बोटं उघडली, निखारे पुढे ओढले. धूर पातळ झाला, मग निळसर झाला, मग असा झाला की आहे की नाही ते कळेना. हितेंद्रने तो पाहिला आणि दादांना त्याच दिवशी नोकरीवर ठेवलं. हेल्पर म्हणून. राख काढायची, जांभळाचं लाकूड फोडून रचायचं, अंगण झाडायचं. आग राजसची.

"परत मिलमध्ये लागलो," असं दादांनी टॉवरभर सांगितलं. आम्ही लिफ्टमध्ये त्यांना विचारायचो, "काय दादा, भोंगा कधी वाजवताय?" ते हसायचे. सात महिने त्यांनी दुसऱ्याच्या आगीची राख काढली. कोणी जेवायला आलं आणि धुराचं कौतुक केलं की राजस मान झुकवायचा, आणि मागे केरसुणी घेऊन उभे असलेले दादासुद्धा, न कळत, किंचित झुकायचे. तेही आम्ही पाहिलं आणि त्याची नक्कल करून दाखवली.

मग गटारी आली. श्रावण लागला की महिनाभर मांस-मच्छीला हात लावायचा नाही, म्हणून आषाढातल्या शेवटच्या रविवारी गिरणगाव महिन्याभराचं एकदम खाऊन घेतं. हितेंद्रकडे नव्वद माणसांनी टेबलं आधीच सांगून ठेवली होती. राजसला त्या दिवशी स्वयंपाकघरातून डोकं वर काढता येणार नव्हतं. शनिवारी सकाळी मी तिथे काहीतरी चाखायला मिळेल म्हणून गेलो होतो, तेव्हा हितेंद्र दादांना म्हणाला, "काका, उद्याची आग तुमची. जमलं तर यापुढे कायमची तुमची. राजसने फक्त किचन बघायचं. तसं पत्रच देतो तुम्हाला."

दादांनी खिशातून रुमाल काढला, नुसताच पाहिला आणि परत ठेवला.

अडचण एकच होती. स्मोकर मांस घालण्याआधी दोन तास तापवावा लागतो. एवढं लोखंड गरम करायचं तर बरंच सरपण जातं. एरवी राजस त्यासाठी लोणारी कोळसा वापरायचा. पण छपर गळलं होतं आणि कोळशाची पोती चिंब झाली होती. जांभळाचं सुकं लाकूड आत ठेवलेलं होतं, पण ते मांस शिजण्यापुरतंच होतं. आधी तापवायला जाळलं तर दुपारी बारालाच संपलं असतं. पावसाळ्यात मुंबईत सुकं लाकूड शोधायचं म्हणजे काय, ते ज्याने शोधलंय त्यालाच माहीत.

"नुसतं तापवायलाच हवंय ना?" दादा म्हणाले. "मांस आत नसताना काय जाळतो याला महत्त्व नाही. आच पाहिजे."

राजसने मोबाइलवर बोट फिरवलं. "बरोबर आहे अंकलचं. इथेपण लिहिलंय. मीट टाकायच्या आधी कुठलंही ड्राय वूड चालतं."

"मग झालं," हितेंद्र म्हणाला. "काका, तुम्ही ठरवा. फक्त सुकं हवं."

"मी आहे ना," दादा म्हणाले. माझ्या गाडीची डिकी मोठी आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून आम्ही दोघं रे रोडला गेलो.

रे रोडच्या वखारींत जुन्या मुंबईची हाडं रचून ठेवलेली असतात. चाळी पडल्या की माणसं टॉवरमध्ये जातात आणि तुळया, वासे, कठडे, दारं इथे येतात. मनू नावाच्या वखारवाल्याकडे छपराखाली दीड-दोन हात लांबीचे ठोकळे पडले होते, एका बाजूने काळे.

"तुळयांची टोकं," मनू म्हणाला. "मधला भाग फर्निचरवाले नेतात. टोकं कोणी घेत नाय. बर्मा साग आहे दादा, ऐंशी वर्षांचा. याच्याहून सुकं लाकूड मुंबईत दाखवा, मी वखार तुमच्या नावावर करतो."

दादांनी दोन ठोकळे उचलून एकमेकांवर आपटले आणि कान लावला. खणखणीत आवाज आला. एक ठोकळा गालाला लावून ओल पाहिली. नखाने रेष ओढली. मिलमधला जुना फायरमन लाकूड असंच पाहतो. आच किती देईल, राख किती करेल, एवढंच त्याला हवं असतं. वास घ्यायचं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बॉयलरला नाक नसतं, आणि त्या वाफेवर शिजलेलं कोणाला खायचं नसतं.

"काळी का दिसतायत?" मी विचारलं.

"भिंतीत गाडलेली असतात ना, म्हणून काळी," मनू म्हणाला.

मला ते पटलं. दादांनाही पटलं. तरी घरी न जाता ते संध्याकाळपर्यंत हॉटेलच्या अंगणात बसून कोयत्याने प्रत्येक ठोकळ्याचा काळा थर तासत राहिले. आतून पिवळं, सोन्यासारखं लाकूड निघालं. मी म्हणालो, "दादा, एवढी तर तुम्ही लग्नाच्या दिवशी दाढी केली नसेल." ते म्हणाले, "त्या दिवशी एवढी भीती नव्हती."

रविवारी सकाळी सहाला त्यांनी पेटी पेटवली. अंगात खाकी शर्ट होता, मिलच्या काळातला, शांतावहिनींनी ट्रंकेतून काढून इस्त्री केलेला. साग असा पेटला की पाऊण तासात उष्णतेचा काटा जिथे दोन तासांनी जायचा तिथे गेला. धूर काळपट होता. राजस दुधाची पिशवी घेऊन बाहेर आला आणि थबकला.

"अंकल, स्मोक काळा येतोय."

"मांस आत आहे काय?"

"नाही."

"मग?"

राजसने पुन्हा मोबाइल काढला, त्यात काळ्या धुराबद्दल काही सापडलं नाही, आणि तो आत गेला. आठ वाजता दादांनी सागाचे निखारे बाजूला ओढले, जांभळाचं लाकूड लावलं, झडप दोन बोटांवर आणली. धुराड्यातून ती निळसर, दिसेल न दिसेल अशी रेघ निघाली. साडेआठला बकऱ्याच्या बारा मांड्या आणि चाळीस कोंबड्या आत गेल्या. मग दादा पाच तास पेटीपाशी स्टुलावर बसले. चहासुद्धा तिथेच घेतला. मला त्यांनी धुराड्याकडे बोट दाखवून सांगितलं, "बघ. ह्येका धूर म्हणतत." त्या क्षणी ते इतके सुखी दिसत होते की त्यांची थट्टा करायचीही मला आठवण राहिली नाही.

एक टेबल हितेंद्रने दादांना पाहुण्यांसाठी दिलं होतं. तिथे शांतावहिनी बसल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. शेजारी वसंत तुळसकर, मिलच्या विणकाम खात्यातले दादांचे दोस्त, आणि मी. तुळसकर म्हणाले, "ह्या शेडमध्ये आम्हांला कधी पाणी प्यायला मिळालं नव्हतं हो. आता मटण."

दीड वाजता ताटं आली. मांडीचा रंग सुरेख होता, बाहेरून गडद, आतून गुलाबी. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आमच्याकडे पाहत होते. मी घास घेतला.

लहानपणी आमच्या गल्लीत रस्ता नवा करायचे तेव्हा आम्ही पिंपाभोवती उभे राहून उकळतं डांबर पाहायचो. तो वास नाकातून घशात उतरायचा. तोच माझ्या तोंडात होता, मटणाचा आकार घेऊन.

मी शांतावहिनींकडे पाहिलं. त्या चावत होत्या. सावकाश, सबंध घास चावून त्यांनी गिळला. दुसरा घेतला. दारातून दादांनी भुवया उंचावून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "बरां झालाहा." तुळसकरांनीही मान हलवली आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला. मग वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि तिसरा घास पदरात काढला. ते दादांनी पाहिलं.

तोवर शेजारच्या टेबलावरची एक मुलगी वेटरला सांगत होती, "याला फिनेलचा वास येतोय." दुसऱ्या टेबलावर कोणीतरी मोठ्याने हसलं. तिसऱ्यावर ताट सरकवलं गेलं. हितेंद्रने एक तुकडा तोंडात टाकला आणि कागदी रुमालात थुंकला. नंतर तो टेबलाटेबलावर जाऊन, प्रत्येक ठिकाणी हात जोडून, तेच सांगू लागला, "सॉरी, आमचे एक वयस्कर हेल्पर आहेत, त्यांनी काहीतरी चुकीचं जाळलं." अकरा टेबलांवर त्याने ते सांगितलं. दादा मागे उभे होते आणि अकराही वेळा त्यांनी ते ऐकलं. आमच्या टेबलापाशी आल्यावर सवयीने त्याने आम्हांलाही सांगितलं.

दादांनी कोणाच्या तरी उष्ट्या ताटातला तुकडा उचलून खाल्ला. एकदाच चावला.

"डांबर," ते म्हणाले.

चाळीत जन्मलेल्या आम्हा दोघांना ते ठाऊक असायला हवं होतं. तुळईचं जे टोक भिंतीत जातं त्याला वाळवी लागू नये म्हणून डांबर पाजतात. भिंतीत जाण्याआधी पोटभर पाजतात. ऐंशी वर्षांत ते लाकडाच्या गाभ्यापर्यंत गेलेलं असतं. कोयत्याने वरचा थर जातो, आतलं जात नाही. ते सकाळी जळलं, त्याची काजळी पिंपाच्या आतल्या भिंतींवर चिकटली, आणि मग पाच तास त्या भिंती तापून मांसाला तोच वास देत राहिल्या. रिकाम्या स्मोकरमध्ये काय जाळतो याला फार महत्त्व असतं.

सगळे अंगणात आले. हितेंद्रचा आवाज चढला होता. "जुनं लाकूड वापरायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

राजस धुराड्याकडे पाहत होता. मी माझ्या चपलेकडे पाहत होतो. मनूकडे आपण दोघं गेलो होतो आणि काळी का, हा प्रश्न विचारून मीच गप्प बसलो होतो, हे सांगायला मला तोंड होतं. त्यात डांबराची चव होती एवढंच.

"मी ठरवलं," दादा म्हणाले. "पण शेट, मला दोन तास द्या. जांभळाचं आहे अजून थोडं. दार उघडं टाकून मोठी आग करतो. काजळी जळून जाईल, पिंप स्वच्छ होईल. कोंबड्या मागवा. सहाला सगळ्यांना गरम गरम—"

आता हे मी चौकशी करून सांगतो आहे की दादा म्हणत होते ते बरोबर होतं. तसंच करतात. पण हितेंद्रने ऐकून घेतलं नाही. तो आत गेला आणि भांडी धुवायच्या जागेवरून पाण्याची बादली घेऊन आला.

"पाणी नको," दादा म्हणाले.

"बस झालं काका."

"शेट, पाणी नको. तापलेल्या लोखंडावर पाणी नको." ते पेटीच्या आडवे आले. त्यांनी दोन्ही हात पसरले होते. हितेंद्रने त्यांना कोपराने बाजूला केलं, फार जोरात नाही, एखादी खुर्ची सरकवावी तसं, आणि बादली पेटीत ओतली.

वाफेचा लोट उठला, आणि त्यातून टण्ण असा एकच आवाज आला. पेटीच्या तळाला हातभर चीर गेली. राखेचं काळं पाणी त्या चिरेतून अंगणभर पसरलं, आणि थोड्या वेळाने दादांनी केरसुणी आणून ते गटाराकडे ढकललं. कारण ते काम त्यांचं होतं.

लिफ्टमध्ये आम्ही तिघेच होतो. अठराव्या मजल्यावर मी बाहेर पडलो तेव्हा शांतावहिनी दादांना म्हणत होत्या, "तुमका सांगलंय मी, माका वास इलो नाय." दादा म्हणाले, "गप रव."

दोन दिवसांनी श्रावण लागला. हितेंद्रकडे महिनाभर तसंही कोणी फिरकणार नव्हतं. त्याने स्मोकर तपासायला माणूस बोलावला. पेटीत आता लाकूड जाळता येणार नाही, तळ फुटेल, असं त्याने सांगितलं. पेटी कशाने फुटली असं त्या माणसाने विचारलं तेव्हा हितेंद्रने सांगितलं, "जुन्या हेल्परने जास्त तापवली." मग पिंपाच्या आत गॅसचे बर्नर बसवले गेले आणि धुरासाठी एक डबी, जिच्यात लाकडाचा भुसा घातला की ती आपोआप धूर सोडते. राजस खूष झाला. बटण फिरवलं की झालं.

दादा दीड महिना घरात होते. खिडकीशी बसून समुद्राची चीर बघायचे. आम्ही लिफ्टमध्ये भोंग्याचं विचारत नव्हतो. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणाल्या.

गणपती गेल्यावर हितेंद्रचा फोन आला. गटारीच्या सकाळी कोणीतरी पेटीपाशी बसलेल्या दादांचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला होता. खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा, मागे निळा धूर, खाली ओळ, "याच मिलचा शेवटचा फायरमन." हजारो लोकांनी तो पाहिला होता. येणारी गिऱ्हाइकं विचारत होती, ते काका कुठे आहेत.

हितेंद्रने शब्द पाळला. दादांना पत्र मिळालं. हुद्दा, फायर मास्टर. कायम. दोन खाकी शर्ट, छातीवर पितळी बिल्ला, त्यावर त्यांचा मिलमधला नंबर. काम असं की गिऱ्हाईक अंगणात आलं की पेटीचं दार उघडायचं, आगीच्या जागी लावलेल्या लाल दिव्याचा उजेड तोंडावर घ्यायचा, फावड्याने एक ओंडका आत सरकवायचा, आणि गिऱ्हाईक गेलं की तो बाहेर काढायचा. ओंडका एकच आहे. त्याला वार्निश लावलंय, म्हणजे हाताळून घाण होत नाही.

दादांनी पत्र पाहून नकार दिला असेल, असं कोणाला वाटत असेल तर तो लालबागचा नव्हे. ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले. शांतावहिनींनी पेढे वाटले. मला दोन दिले.

मी गेल्या आठवड्यात गेलो होतो. जेवण उत्तम झालं आहे हे कबूल करायला हवं. जेवणानंतर माझ्या ऑफिसातल्या मंडळींनी दादांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. एकाने विचारलं, "अंकल, गरम नाही होत?" दादा म्हणाले, "सवय आहे." माझ्याकडे पाहून ते ओळखीचं हसले. मीही एक फोटो काढला.

बर्नरचं बटण स्वयंपाकघरात आहे. साडेतीन वाजता शेवटचं टेबल उठलं की राजस ते बंद करतो आणि भुशाच्या डबीवर झाकण घालतो. अंगणात सांगायला कोणी येत नाही. त्या दुपारीही दादा पेटीपाशी उभेच होते, फावडं सरळ धरून. भांडी घासणारी बकुळा लादी पुसायला बाहेर आली.

"दादा, गॅस मघाशीच बंद केला. जावा की घरी."

"थंड होऊ दे," दादा म्हणाले. "बॉयलर थंड झाल्याशिवाय फायरमन हलत नाही."

बकुळाने ओल्या हाताने पेटीला हात लावला.

"थंडच आहे ओ," ती म्हणाली, आणि त्यांना पाय उचलायला सांगून त्यांच्या पायाखालची लादी पुसू लागली.